कण्हलं की खाली, किंचाळलं की वर

"दुसरा! दुसरा टाक म्हणून राह्यलो ना. मरून चाललं ते कौसे, तुला ऐकू येतं का न्हाई?"

लिंबाजीनाना ओरडत होते. नाना ओरडत म्हणजे नुसते ओरडत नसत. ते आमच्या गावात ओरडले की तिकडे राजूरच्या गणपतीपुढची घंटा आपोआप हलते, असं मी एकदा एका अर्जातसुद्धा लिहिलं होतं. साहेबांनी तेवढं वाक्य खोडून बाकीचा अर्ज मंजूर केला. जीप बाभळीच्या चढावर निम्म्यात आली होती. तिसऱ्या गिअरमध्येच चढायला निघालेली ती जुनी डिझेल जीप आता हिवताप भरल्यासारखी थडथडत होती. मागे सरकीची पोती भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागे गावाची एसटी, आणि एसटीच्या खिडक्यांतून बाहेर आलेली एवढी डोकी की निवडणुकीला एवढं मतदान होत नाही.

स्टिअरिंगवर कौसाकाकू होत्या. डोक्यावर पदर, नजर समोर. त्यांच्या डावीकडे नाना, डोळ्यांवर काळा चष्मा, हात डॅशबोर्डवर पालथा ठेवलेला, जसा आपण तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो तसा. मागच्या बाकावर मी, एका हाताने छताचा गज आणि दुसऱ्या हाताने नानांचा खांदा धरून.

काकूंनी क्लच दाबला. दांडा खरखरला, अडला, मग एकदाचा दुसऱ्यात पडला. जीपने मोठा ढेकर दिला आणि चढू लागली. माथ्यावर आल्यावर इंजिनाचा आवाज पातळ होत, वर वर जायला लागला. नाना मान तिरपी करून ऐकत होते. मग अगदी हळू, पूजा सांगावी तशा आवाजात म्हणाले, "हां. आता तिसरा."

तिसरा पडला. नानांचे खांदे सैल झाले.

"काय वकीलसाहेब, भ्यालात काय?"

"न्हाई नाना."

"मंग माझा खांदा सोडा. हाड मोडून राह्यलं."

मी वकील नाही. अंबडच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहितो. मेलेल्या एका शेळीच्या तीन करणं आणि वाऱ्याने उडालेल्या चार पत्र्यांचं वादळ करणं हा माझा धंदा. पण नाना मला वकीलसाहेबच म्हणायचे, कारण शेजारी वकील आहे असं सांगितलं की पोलीस जीप अडवत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. शेजारी म्हणून, आणि अंगात थोडी ताकद आहे म्हणून, मी आठवड्यातून दोनदा त्या जीपच्या मागच्या बाकावर असायचो. नानांना जालन्याला दवाखान्यात उचलून उतरवायला आणि उचलून चढवायला माणूस लागायचा. साखरेने आधी त्यांचे डोळे नेले होते आणि मग किडन्या. रक्त धुऊन घेतलं तर माणूस राहणार, एक पाळी चुकली तर अंगात पाणी साठणार, दोन चुकल्या तर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं. गाव फाट्यापासून आत. सडकेवर मध्ये ओढा, ओढ्यापुढे बाभळीचा चढ, मग फाटा, आणि तिथून जालन्यापर्यंत सरळ रस्ता. त्या रस्त्याच्या एका टोकाला नानांचं घर होतं आणि दुसऱ्या टोकाला ते मशीन. मधे ही जीप.

ही जीप तरुण होती तेव्हा काळी-पिवळी होती. अंबड–जालना लाइनीवर नाना ती चालवत. परमिट संपल्यावर त्यांनी तिला पांढरा रंग दिला, पण खरचटलं की आतून पिवळं दिसायचं. नाना म्हणायचे, "वरून रिटायर केली, आतून ड्यूटीवरच हाय." त्या काळात ते जीपमध्ये किती माणसं भरायचे याचा हिशेब गणिताच्या मास्तरांनाही लागत नसे. चतुर्थीला राजूरची फेरी असली की माणसं टपावर, माणसं बोनेटवर, मागच्या फळीवर लोंबकळणारी वेगळी. एकदा तर एक नवरदेव, करवली आणि बँडवाल्याचा मोठा ढोल एकाच सीटवर बसवून आणले, आणि उतरताना ढोलातून आणखी एक पाहुणा निघाला. ढोलाचं सोडा, पण पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. ड्रायव्हरच्या सीटवर नानांच्या उजव्या हाताला एक माणूस असायचा आणि डाव्या हाताला दोन, त्यामुळे गिअरचा दांडा कायम कुण्या तरी परक्या माणसाच्या दोन गुडघ्यांमध्ये सापडलेला. नाना मोठ्या अदबीने विचारायचे, "पाव्हणं, गुडघा आवळा. तिसरा येऊन राह्यला." पाव्हणं गुडघा आवळायचे, तिसरा यायचा. बाई माणूस शेजारी असली तर नाना तिच्या नवऱ्याला सांगायचे, "दाजी, दांडा तुमी टाका, मी फक्त क्लच दाबतो." आणि खरंच, तालुक्यातले निम्मे दाजी नानांच्या जीपमध्ये गिअर टाकायला शिकले.

गिअर कधी बदलायचा, याचं नानांचं सगळं शास्त्र कानाचं होतं. "काटा पाहून गिअर टाकतो तो शोरूमचा डायवर," ते म्हणत. "डिझेल बोलतं. कण्हलं की खाली, किंचाळलं की वर. कण्हू पन द्यायचं न्हाई आन् किंचाळू पन द्यायचं न्हाई, त्याच्या जरासं आधी त्याला विचारायचं, बाबा, काय पायजे? बराबर सांगतं." पेट्रोलच्या गाडीला ते फार मोजत नसत. पेट्रोल म्हणजे पोरगं, पळव तेवढं पळतं. डिझेल म्हणजे बैल, पळवायचं नाही, ओढू द्यायचं. चढ लागल्यावर गिअर शोधणाऱ्याला ते ड्रायव्हर मानत नसत. चढ नुसता दिसला की आधीच दुसरा. उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडणाऱ्याला तर ते जेवायला बोलावत नसत. आणि तिसरा हा त्यांचा देव. "पयला उठायला, दुसरा धडपडायला. तिसरा पडला की गाडी आपली झाली. मंग बोला, गाणं म्हणा, तंबाखू खा." जीपमध्ये तिसरा पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही असा नियमच होता. एकदा एका तलाठ्याने दुसऱ्या गिअरमध्ये दराची चौकशी केली, तर नानांनी त्याला थेट फाट्यावर उत्तर दिलं.

डोळे गेले तेव्हा ते आधी कुणाला सांगेनात. कितीतरी दिवस कानांवर जीप चालवली. गिरणीचा घर्र आवाज आला की डावीकडे, पुलाखालून पोकळ आवाज आला की ओढा, सरकीच्या तेलाचा वास आला की जालना आलं. हे मी वाढवून सांगत नाही. फार तर एक-दोन दिवस जास्त सांगत असेन. शेवटी त्यांनी भर बाजारात जीप एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर नेऊन उभी केली आणि मालकाला म्हणाले, "रस्त्यावर दुकान काहून टाकलंस?" त्या दिवशी काकूंनी चावी काढून कमरेला खोचली. नानांनी ती मागितली नाही. तीन दिवस ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

मग रक्त धुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि ड्रायव्हर ठेवायची वेळ आली. पहिल्याने पहिल्याच दिवशी चढावर तिसरा टाकला. नाना त्याला म्हणाले, "तुझ्या मायनं तुला असंच वाढवलं का, पोटात अन्न नसताना पळवलं का?" तो फाट्याजवळ गाडी थांबवून उतरून गेला. दुसरा कानात वायरी घालून आला होता. नानांनी त्या खेचून खिडकीबाहेर फेकल्या. तिसरा चांगला होता, शांत होता, पण त्याने दवाखान्याच्या दारात सांगितलं, "काकू, मी उद्या येनार न्हाई. मला घरी बी वडील हायेत."

पुढच्या पाळीला सकाळी काकू स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. सायकलसुद्धा कधी हातात न धरलेली बाई. गावाच्या पडीक रानात आठ-दहा दिवस शिकल्या. नाना शेजारी बसून ओरडायचे, रानातली ढोरं शेजारच्या गावात चरायला गेली. लायसन्सचा अर्ज मीच लिहिला. 'अर्जदार ही कुटुंबातील एकमेव' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते मला सुचेना. एकमेव काय? एकमेव पाय? एकमेव डोळे? मी 'आधार' लिहिलं. सगळेच ते लिहितात.

त्या पहिल्या महिन्यांत काकू खरोखर चुकायच्या. दांडा खरखरायचा, चढावर जीप मरायची, नाना आभाळ डोक्यावर घ्यायचे. एवढं ऐकूनही ही बाई एक शब्द उलटून बोलत नाही, याचं मला नवल वाटायचं. मी त्यांना दवाखान्याच्या ओट्यावर एकदा विचारलं. आत नाना मशीनला लावलेले होते, काकू डब्यातलं पिठलं माझ्यापुढे सरकवत होत्या.

"काकू, राग येत न्हाई का हो?"

"कशाचा?"

"एवढं ओरडतात."

"ओरडून राह्यलेत तवर बरंय," काकू म्हणाल्या. "खा तुमी."

मशीनवरून सुटल्यावर नाना चोळामोळा झालेले असायचे. एवढा डोंगरासारखा माणूस, मी त्यांना काखेत धरून उचलायचो तेव्हा हाताला नुसतं धोतर लागायचं. ओठ पांढरे, हातावर सुयांचे गाठाळ डाग. कितीदा तरी म्हणायचे, "वकीलसाहेब, एक अर्ज लिहा. म्हणावं हे बंद करा. अर्जदार थकला." मी हसण्यावारी न्यायचो. परतीच्या वाटेवर, जीप चालू झाली की मात्र पाच-दहा मिनिटांत त्यांचा हात डॅशबोर्डवर जायचा, मान तिरपी व्हायची, आणि फाट्याच्या अलीकडे कुठेतरी आवाज यायचा, "कौसे, किंचाळून राह्यलं ते. तिसरा."

मग दिवाळीला गणेश आला. नानांचा एकुलता मुलगा, पुण्याला कंपनीत. त्याने नवी गाडी घेतली होती, पांढरी, गुळगुळीत, आत बसलं की बाहेरचा कावळासुद्धा ऐकू यायचा नाही. तिला गिअर नव्हते. म्हणजे होते, पण ती आपले आपण बदलायची.

"आई, तू ही ठेव," गणेश म्हणाला. "मी दुसरी बघतो. हिला क्लच नाही, काही नाही. नुसतं दाबायचं आणि जायचं. बाबांना धक्के पण बसणार नाहीत."

चांगलं पोरगं. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं. त्या पाळीला आम्ही त्या गाडीतून गेलो. गणेश चालवत होता, नाना पुढे बसले. हात डॅशबोर्डकडे नेला, तिथे मऊ काहीतरी लागलं, हात काढून मांडीवर ठेवला. ओढा गेला, बाभळीचा चढ गेला, केव्हा गेला कळलं नाही. नानांनी मान तिरपी केली, सरळ केली, पुन्हा तिरपी केली.

"आता कितव्यात हाय?" त्यांनी विचारलं.

"तिचं ती बघते बाबा. आपण बघायचं काम नाही."

"बरं."

जालन्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. दवाखान्यातल्या सिस्टरने नेहमीसारखं विचारलं, "आलात का नाना?"

"आज मी आलो न्हाई," नाना म्हणाले. "मला आनलं."

त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढच्या पाळीला सकाळी गणेशने गाडी दारात लावली आणि नाना खाटेवरून उठेनात. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावलेच नाहीत. अगदी शहाण्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "गणेश, तू जा पुण्याला. सुट्टी वाया घालू नकोस. मला आता न्हाई जायचं." गणेशने समजावलं. मी समजावलं, माझ्या धंद्यातले सगळे शब्द वापरले, कृपया, नम्र, विनंती. गणेश रडला. नानांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीकडे वळून पडले. घड्याळ पुढे सरकत होतं. दवाखान्यातली पाळीची वेळ टळली की मशीन दुसऱ्याला जाणार होतं. सूज पायांवरून गुडघ्यावर आली होती. मी गणेशकडे पाहिलं, गणेश माझ्याकडे. दोघांनाही एकच गोष्ट दिसत होती आणि तिच्यावर उपाय दिसत नव्हता.

तेवढ्यात अंगणातून असा आवाज आला की मला वाटलं कुणी पत्र्याची शाळा करवतीने कापतंय. काकूंनी जीप चालू केली होती आणि त्या गिअर टाकत होत्या. क्लच अर्धा दाबून. खर्रर्र. थांबल्या. पुन्हा खर्रर्र. कोंबड्या आढ्यावर गेल्या. शेजारच्या म्हातारीने दार लावून घेतलं.

नानांची पाठ हलली.

खर्रर्र.

"क्लच," नाना भिंतीला म्हणाले.

खर्रर्र.

"क्लच पुरा दाब गं," जरा मोठ्याने.

पुन्हा तोच आवाज, या वेळी लांबलचक, दात काढल्यासारखा. नाना उठून बसले. भिंत चाचपत, चौकट चाचपत, धोतर सावरत ते दारात आले, आणि मग राजूरची घंटा हलली. "कौसे! अगं दात खाऊन राह्यली तू त्याचे. क्लच म्हंजे दार हाय, पुरं उघड, मंग आत जा. अर्ध्या दारातून घुसती का कधी? थांब. बिलकुल हात लावू नको. थांब, मी आलो." जीपच्या बाजूने हात फिरवत ते आले आणि स्वतःहून डाव्या सीटवर चढून बसले. मी मागे उडी मारली. काकूंनी पदर सारखा केला.

"पयला," नाना म्हणाले.

पहिला लोण्यात सुरी जावी तसा पडला. मला वाटलं, नाना शेजारी आले म्हणून जमलं.

गणेश गाडी घेऊन पुण्याला परत गेला. जाताना आईला म्हणाला, "गाडी ठेवतो ना." काकू म्हणाल्या, "मला भ्या वाटतं बाबा तिचं. जमत न्हाई."

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, बाजाराच्या दिवशी दुपारी, मी बाभळीच्या चढावर सावलीला उभा होतो. एसटीची वाट पाहत होतो. आमची एसटी म्हणजे तिच्या वाटेकडे डोळे लावून माणसाचं लग्न होतं, पोरं होतात. खालून नानांची जीप येताना दिसली. स्टिअरिंगवर काकू, एकट्याच, मागे बाजारात न्यायची ज्वारीची पोती. मी कान देऊन उभा राहिलो. ओढ्यातून बाहेर निघता निघताच, चढ लागायच्या पुष्कळ आधी, आवाज किंचित बदलला आणि दुसरा पडला. खरखर नाही, गचका नाही. एवढं ओझं घेऊन जीप चढाला अशी आली जशी घरी आलीय. कण्हणं नाही. माथ्यावर इंजिन पातळ व्हायच्या अगदी आधी तिसरा. नाना तरुण असते तर याहून चांगला टाकला नसता.

मी हात केला. काकूंनी थांबवली. मी चढून बसलो, नानांच्या सीटवर.

"काकू, तुम्हाला तर सगळं येतं की."

काकू रस्त्याकडे पाहत होत्या. तशाच म्हणाल्या, "हे संग असले की मला काही येत न्हाई."

पुढच्या पाळीला मी मागच्या बाकावर बसून पाहिलं. ओढा आला. चढ दिसला. काकूंचा हात दांड्यावर होता, तिथेच राहिला. जीप चढाला लागली, इंजिन कण्हायला लागलं, थडथडायला लागलं, आणि काकू समोर पाहत वाट पाहत राहिल्या. "दुसरा! कौसे, मरून राह्यलं ते!" दुसरा पडला. वर आल्यावर इंजिन किंचाळायला लागेपर्यंत पुन्हा वाट. "हां. आता तिसरा." तिसरा पडला. नाना मागे वळून, जिथे मी नव्हतो त्या बाजूला पाहून म्हणाले, "बघा वकीलसाहेब. मी मेलो तर ही बाई चार दिवसांत इंजिन खाऊन टाकंल."

"खरंय नाना," मी म्हणालो.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत ते एकदाही 'न्हाई जायचं' म्हणाले नाहीत.

यंदा परतीच्या पावसाने ओढा भरून वाहिला. पाळीच्या दिवशी पाणी पुलावरून होतं. आम्ही काठावर जीप उभी करून दुपारपर्यंत थांबलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशीही पाणी उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा नाना बसून होते, आडवं होता येत नव्हतं. छातीत पाणी झालं होतं. श्वास घेताना चिखलात पाय रुतावा तसा आवाज. अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली होती, यायला वेळ लागणार होता. पुलावर अजून टाचभर पाणी होतं. काकूंनी जीप काढली.

मी मागे उभं राहून, पुढे वाकून, दोन्ही हातांनी नानांना काखेतून धरलं होतं, म्हणजे ते सरळ राहतील. त्यांचा हात त्यांनी स्वतःच डॅशबोर्डवर ठेवला. ओरडायला श्वास नव्हता. ओठ हलले, "पयला." पाण्यातून जीप पुलापलीकडे गेली. काकू त्या दिवशीही वाट पाहत होत्या. मला वाटलं आज तरी आपण होऊन टाकतील, आज तरी ओरडायला लावणार नाहीत. चढ लागला, इंजिन कण्हलं. नानांची मान तिरपी झाली. डॅशबोर्डवर दोन बोटं उठली.

"दुसरा," नाना म्हणाले. कुजबुजले. पण म्हणाले.

काकूंनी दुसरा टाकला. जीप चढली. माथा आला, मग सपाट रस्ता, समोर फाटा. इंजिन वर वर जायला लागलं. किंचाळायला लागलं. मी नानांच्या तोंडाकडे पाहत होतो. फाटा आला, जीप जालन्याच्या रस्त्याला वळली, आणि पुढे सगळा मोकळा रस्ता.

"काकू, तिसरा टाका," मी म्हणालो.

त्या समोर पाहत होत्या.

"काकू, तिसरा. जल्दी. उशीर होऊन राह्यला," मी ओरडलो. नाना ओरडायचे त्याहून मोठ्याने ओरडलो असेन.

तेवढ्यात नानांचा हात डॅशबोर्डवरून घसरला आणि मांडीवर पडला, आणि माझ्या दोन्ही हातांना त्यांचं वजन लागलं. इतकी वर्षं उचलत होतो, इतकं वजन कधी लागलं नव्हतं. काकूंनी एकदा, एकदाच, डावीकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. त्यांचा हात दांड्यावर होता. दांडा दुसऱ्यातच होता. त्या इंजिनाचा आवाज मी कितीही वाढवून सांगितला तरी कमीच पडेल, म्हणून सांगत नाही. मागून आलेल्या गाड्या हॉर्न देत पुढे जात होत्या. बोनेटमधून वाफ निघायला लागली. सरकीच्या तेलाचा वास आला.

दवाखान्याच्या दारात सिस्टर धावत आली. डॉक्टरांनी जीपमध्येच हात धरून पाहिला, डोळ्यावरचा काळा चष्मा काढून पाहिलं. म्हणाले, बराच वेळ झाला; इथे कितीही लवकर पोचला असता तरी उपयोग नव्हता. काकूंनी मान हलवली आणि जीप बंद केली.

नानांना दवाखान्याच्या गाडीतून परत आणलं. जीप दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला दोर बांधून आणावी लागली. दहावं झाल्यावर गणेशने अंबडहून मिस्त्री बोलावला. वडिलांची गाडी, भंगारात द्यायची नाही म्हणाला. मिस्त्रीने बोनेट उघडलं, आत तोंड घातलं, बराच वेळ काढलं नाही.

"पूर्ण बसलं," तो म्हणाला. "दुसऱ्यावरच आनली का काय जालन्यापर्यंत?"

गणेशने आईकडे पाहिलं. काकू ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होत्या.

"आई, तिसरा पडत नव्हता का?"

"पडत होता की."

"मग?"

काकूंनी सूप एकदा हलवलं, फोल बाहेर फुंकलं.

"ते तिसरा टाक म्हणलेच न्हाईत."